मर्सिडीज जीएलसी २२०डी : निफाडच्या रस्त्यांवरचे पहिले अनुभव

द्राक्षवाला_निफाड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आमच्याकडे जीएलसी २२०डी ४मॅटिक आली. घ्यायच्या आधी मी या गाडीबद्दल मराठीत खूप शोधलं. व्हिडिओ ढिगाने मिळाले, पण बहुतेक सगळे गुळगुळीत रस्त्यावरचे, आणि निम्मा वेळ आतले रंगीत दिवे दाखवण्यात गेलेला. तालुक्याच्या गावात राहणाऱ्या, रोज मळ्याचा रस्ता तुडवणाऱ्या माणसाला ज्याची माहिती हवी ते त्यात नव्हतं. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी गाडीची कुंडली थोडक्यात. दोन लिटरचं (१९९३ सीसी) डिझेल इंजिन, १९७ एचपी, ४४० न्यूटन मीटर टॉर्क. सोबत ४८ व्होल्टची छोटी मोटर, जी गरज पडेल तेव्हा आणखी २३ एचपीची मदत करते. ९ गिअर, चारही चाकांना ताकद (४मॅटिक म्हणजे हेच). ही पिढी भारतात ऑगस्ट २०२३ मध्ये आली आणि ती आपल्या चाकणलाच जुळवली जाते.

आमच्याकडे आधी फॉर्च्युनर होती. त्या गाडीने आम्हाला कधीच अडवलं नाही, आणि आजही कुणी विचारलं तर मी तिची शिफारस करीन. बदलायचं कारण एकच, आई. तिच्या मणक्याला त्रास आहे आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी मुंबईला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. शिडीसारख्या चासीवर बांधलेली उंच गाडी खराब रस्त्यावर आतल्या माणसाला डावी-उजवीकडे हलवत राहते. चालवणाऱ्याच्या हातात स्टीअरिंग असतं, त्याला ते फारसं जाणवत नाही. मागे बसणाऱ्याला मात्र कंबर सावरत बसावं लागतं. जीएलसीची बॉडी आणि सांगाडा एकसंध आहे, बैठक खाली आहे, त्यामुळे हे हेलकावे खूपच कमी. पहिल्यांदा मुंबईहून परत आलो तेव्हा आई उतरताना म्हणाली, "आज कंबर बोलली नाही रे." मला वाटतं माझा अर्धा रिव्ह्यू त्यात आला.

चढ-उताराबद्दलही सांगतो, कारण यावर कुणी बोलत नाही. नऊवारी नेसणाऱ्या बाईला फॉर्च्युनरमध्ये पायरीवर पाय ठेवून, वरचं हँडल धरून अंग ओढून घ्यावं लागायचं. इथे दार उघडलं, सीटच्या कडेवर टेकलं आणि पाय आत घेतले की झालं. सेडानसारखं खाली वाकून बसावं लागत नाही, जीपसारखं वरही चढावं लागत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्याला ही उंची बरोबर जमते. उतरताना दाराखालच्या पट्टीला लागलेला चिखल साडीला लागतो, तेवढं पावसाळ्यात बघावं लागेल.

मागच्या सीटवर दोघं असतील तर राजेशाही. तिघं असतील तर मधल्याचे हाल, कारण मधोमध जमिनीचा उंचवटा बराच मोठा आहे. पाच मोठी माणसं नेहमी फिरणार असतील तर या गाडीकडे वळू नका, सरळ इनोव्हा हायक्रॉस बघा.

आता चालवण्याबद्दल. इंजिन सुरू झालेलं कळतं, पण ते आवाजाने कळतं, थरथरीने नाही. सिग्नलला आपोआप बंद होतं आणि ब्रेकवरून पाय काढला की इतकं हळुवार सुरू होतं की शेजारी बसलेल्याला पत्ताही लागत नाही. ऐंशी-नव्वदच्या वेगात ओव्हरटेक करायचं असेल तर पाय थोडा दाबला की पुरे. पिळून पळवायची ही गाडी नाही, तशी हौस असेल तर पेट्रोलवाली जीएलसी ३०० घ्या, ती २५८ एचपीची आहे आणि स्वभावाने पूर्ण वेगळी आहे.

नव्याने घेणाऱ्यांसाठी एक सूचना. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजवीकडे असते. मर्सिडीजमध्ये इंडिकेटर आणि वायपर दोन्ही डावीकडच्या एकाच दांडीवर आहेत, आणि उजवीकडे आहे ती गिअरची दांडी! मारुती, टोयोटा, ह्युंदाईतून येणाऱ्या प्रत्येकाचा उजवा हात वळणावर सवयीने तिथेच जातो आणि गाडी न्यूट्रलला जाऊ शकते. चालत्या गाडीत रिव्हर्स पडत नाही, तेवढी काळजी घेतलेली आहे, पण चढावर किंवा ट्रकच्या पुढे निघताना न्यूट्रल म्हणजे धोकाच. डिलिव्हरी घेतल्यावर लगेच हायवेला लागू नका. मोकळ्या मैदानात अर्धा तास फक्त वळणं घ्या, इंडिकेटर द्या, वायपर लावा. घरात ज्या ज्या माणसाच्या हातात चावी जाणार आहे त्या सगळ्यांकडून हे करून घ्या, ड्रायव्हरकडूनही.

शेतरस्ता : आमच्या मळ्याकडे जाताना पाटाची चारी ओलांडावी लागते. मोरी अरुंद आहे, कठडा नाही आणि चढ असा की बोनेटपुढे फक्त आभाळ दिसतं. इथे कॅमेऱ्याची एक सोय मला मनापासून आवडली. पुढचे आणि आरशांखालचे कॅमेरे मिळून बोनेटच्या खालची जमीन स्क्रीनवर दाखवतात, पुढची चाकं कुठे आहेत तेही दिसतं. हळू वेगातच चालतं, पण लागतंही तेव्हाच. शोरूममध्ये हे कुणी दाखवलं नव्हतं, तिथे सगळा भर अँबियंट लाइटच्या ६४ रंगांवर होता.

जे आवडलं नाही तेही लिहितो. स्टीअरिंगवरची बटणं स्पर्शाची आहेत. हात घामेजलेले किंवा मातीचे असले की साधं दाबायचं बटण जास्त बरं असतं, हे माझं ठाम मत. एसीचं नियंत्रणही स्क्रीनवरच आहे. ती पट्टी खाली कायम दिसत राहते, मेनूत शोधावी लागत नाही, तरी नजर रस्त्यावरून हटतेच. आणि चाकं १९ इंची. दिसायला सुंदर, पण टायरची जाडी फॉर्च्युनरइतकी नाही. खड्ड्याच्या कडेला ती जपावी लागतात.

ऍव्हरेज : हायवेला शंभरच्या आत राहिलं तर लिटरला पंधरा-सोळा, नाशिक शहरात अकरा-बारा. हे स्क्रीनवरचे आकडे आहेत.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देतो.

---

घाटमाथा

मनापासून अभिनंदन! आईंच्या कमरेचा उल्लेख वाचून फार बरं वाटलं. एवढ्या पैशाची गाडी घेताना घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाचा विचार आधी करणारे थोडेच.

दोन प्रश्न. एक, स्पीडब्रेकरवर खाली घासते का? दोन, डिझेलच का? आता सगळे म्हणतात लक्झरीत पेट्रोल घ्या, डिझेलला डोकेदुखी जास्त.

---

द्राक्षवाला_निफाड

धन्यवाद. ग्रामपंचायतीने घातलेल्या उभट स्पीडब्रेकरवरही चार माणसं बसून अजून घासलेली नाही. तिरकी घ्यायची गरज पडत नाही, फक्त हळू घ्यावी लागते. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल असतील तिथे मात्र एक चाक मधल्या वरंब्यावर ठेवून चालवतो.

डिझेल घेतलं कारण आमचं फिरणं लांबचं. मुंबई, पुणे, सोलापूर, सांगली, द्राक्षाच्या हंगामात तर विचारूच नका. ज्याची गाडी रोज घर ते ऑफिस पाच किलोमीटर जाणार त्याने डिझेल घेऊ नये, हे माझंही मत.

---

अंबडचा_कारागीर

गॅरेज लाइनमधला आहे, म्हणून या शेवटच्या वाक्याला जोर देऊन लिहितो. आताच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. ही काजळी साठली की गाडी स्वतःच तो फिल्टर तापवून, सहाशे अंशांच्या आसपास नेऊन, जाळून साफ करते. त्यासाठी थोडा वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात गाडी चालावी लागते. कॉलेज रोड ते गंगापूर रोड एवढंच फिरणाऱ्या गाडीला ही संधीच मिळत नाही. साफसफाई अर्ध्यात तुटते, परत सुरू होते, परत तुटते, आणि मग दिवा लागतो. गाडी बिघडलेली नसते, ती चुकीच्या कामाला लावलेली असते.

दुसरं ॲडब्लू. धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मारण्यासाठी हे द्रावण लागतं. त्याची वेगळी टाकी असते. संपत आलं की गाडी किलोमीटर मोजून इशारा देते, आणि दुर्लक्ष केलं तर शेवटी इंजिन सुरूच होऊ देत नाही. लांबच्या प्रवासाआधी पातळी बघून ठेवा.

आता मुद्दाम सांगतो, कारण शेतकरी मंडळी वाचत आहेत. ॲडब्लू म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी, हे खरं आहे. म्हणून घरच्या गोणीतला युरिया पाण्यात विरघळवून टाकायचा सल्ला देणारे लोक मला भेटले आहेत. असं अजिबात करू नका! शेतीच्या युरियाला आपल्याकडे कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, शिवाय त्यात बाययुरेट आणि इतर अशुद्ध घटक असतात. इंजेक्टर चोक होतो, धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट खराब होतो आणि लाखांत खर्च येतो. वर अनुदानाचा युरिया शेतीबाहेर वापरणं कायद्यात बसत नाही ते वेगळंच. सीलबंद कॅन घ्या, तारीख बघून घ्या, उन्हात ठेवू नका.

---

द्राक्षवाला_निफाड

दादा, फार मोलाचं लिहिलंत. युरियाचा सल्ला मलाही पहिल्याच आठवड्यात पारावर मिळाला होता. तुमचा प्रतिसाद आमच्या ग्रुपवर टाकतो, चालेल ना?

---

अंबडचा_कारागीर

टाका की, विचारायचं काय त्यात.

---

वऱ्हाडी_पाहुणा

भाऊ, अभिनंदन! मी अमरावतीचा. आमचं सगळं येणंजाणं समृद्धीवरून. तुम्ही त्या रस्त्यावर नेली का हो गाडी? कशी वाटली? टायरचं काय करता? तिकडे टायर फुटून लय गाड्या गेल्या, जीव धाकधूक करते राजेहो.

---

द्राक्षवाला_निफाड

हो, नेली. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि आमचं मुंबईला जाणं बदलून गेलं. कसाऱ्याचा जुना घाट टळतो, सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी खाली उतरते. बोगद्यात गाडीची शांतता सगळ्यात जास्त जाणवते. आई मागे झोपली होती, ती उठली नाही.

पण या शांततेचा एक धोका आहे आणि तो गांभीर्याने घ्या. जुन्या गाडीत १२० ला वारा, टायर, इंजिन सगळे ओरडून सांगायचे की वेग वाढलाय. इथे १२० ला ८० सारखं वाटतं. समृद्धीवर सपाटीला मर्यादा १२० ची आहे. मी गाडीच्या स्पीड लिमिटरमध्ये ती टाकून ठेवतो म्हणजे पाय आपोआप पुढे जात नाही. सरळ काँक्रीटवर डोळे उघडे राहून झोप लागते, त्यामुळे दीड-दोन तासांनी थांबतोच.

टायरची हवा सकाळी, गाडी गार असताना तपासतो. किती हवी ते इंधनाच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर लिहिलेलं आहे, माणसं आणि सामान भरलेलं असेल तर आकडा वेगळा. पंक्चरवाल्याच्या अंदाजावर सोडू नका. सगळ्यांसाठीच सांगतो, टायरच्या बाजूवर डीओटीच्या ओळीत शेवटी चार आकडी क्रमांक असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नवी गाडी घेतानाही तो बघा, स्टेपनीचासुद्धा.

आणि हो, फास्टॅगचा वार्षिक पास समृद्धीवर चालत नाही. तो राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे, समृद्धी राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा रस्ता आहे. बऱ्याच जणांचा तिथे गोंधळ होताना पाहिला.

---

नेकारकाठचा_मराठी

जर्मनीतल्या श्टुटगार्टहून शुभेच्छा. इकडे जीएलसी ब्रेमेन आणि झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात बनते. सस्पेन्शनबद्दल थोडी भर घालतो. युरोपात या गाडीला हवेचं सस्पेन्शन पर्याय म्हणून मिळतं, भारतात मात्र साध्या पोलादी स्प्रिंगवर येते. ते न मिळाल्याचं वाईट वाटून घेऊ नका. हवेचे बेलो (स्प्रिंगच्या जागी असणारे रबरी फुगे) ही कालांतराने बदलायची आणि महाग वस्तू आहे. तुमच्या रस्त्यांवर स्प्रिंगच बऱ्या.

इकडची एक सवय घेण्यासारखी आहे. मागे बसणारा प्रत्येक जण पट्टा लावतो, न लावता गाडी हलतच नाही. युरो एनकॅप या गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये या गाडीला ५ तारे दिले, पण ते पट्टा लावलेल्या पुतळ्यांवरच्या चाचणीवर. आईंना पट्टा लावायला सांगता ना?

---

द्राक्षवाला_निफाड

सांगतो. सुरुवातीला पदर अडकतो म्हणून कुरकुर झाली. पट्टा पदराच्या खालून नाही, वरून घ्यायचा आणि कमरेचा भाग पोटावर न ठेवता खाली मांड्यांच्या सांध्याशी बसवायचा. आता आई स्वतःच मागते. मणक्याचं दुखणं असलेल्या माणसाला अचानक ब्रेक लागल्यावर पट्ट्याचाच आधार असतो.

---

हिशेबनीस

पैशाचा विषय अजून कुणी काढला नाही, म्हणून मी काढतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे, सेस गेला. आधी २८ जीएसटी अधिक २२ सेस मिळून ५० टक्के कर होता. लोकांना वाटतं किंमत दहा टक्क्यांनी उतरली. तसं नाही. १५० ची वस्तू १४० ला आली, म्हणजे एक्स-शोरूम किमतीत पावणेसात टक्क्यांच्या आसपास फरक. या किमतीत तोही मोठाच आहे.

महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या खाजगी डिझेल गाडीला रोड टॅक्स १५ टक्के, पेट्रोलला १३. म्हणजे पंचाहत्तर लाखांच्या गाडीवर फक्त टॅक्स सव्वाअकरा लाख. कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के, तोच आकडा पंधरा लाख होतो. कंपनीच्या नावाने घसारा मिळतो हे खरं, पण प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट साधारण धंद्याला मिळत नाही. त्यामुळे ‘कंपनीच्या नावावर घे, फुकट पडते’ हे ऐकून निर्णय घेऊ नका, आपल्या सीएकडून कागदावर हिशेब मांडून घ्या. १ टक्का टीसीएस (विकणाऱ्याने गोळा करायचा आयकर) कापला जातो तो रिटर्नमध्ये परत मागता येतो, पावती सांभाळा.

विमा शोरूमचाच घ्यायची सक्ती नसते. झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), इंजिन, टायर आणि रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाइतकी भरपाई) ही चार कलमं असलेला कोट बाहेरून काढून समोर ठेवा.

---

द्राक्षवाला_निफाड

शंभर टक्के सहमत. आम्हीही बाहेरचा कोट नेला, तेव्हा कुठे आकडा खाली आला. शोरूमचं नाव घेत नाही, पण ‘विमा आमचाच घ्यावा लागेल’ असं तोंडी सांगितलं जातं. लेखी द्या म्हटलं की विषय बदलतो.

---

मुक्ता_पन्हाळा

अभिनंदन, पण माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते रागाने घेऊ नका. ऑन-रोड नव्वदच्या घरात जाणारी गाडी, आणि ती चारीवरून, उसाच्या फडातून न्यायची? एका खड्ड्यात रिम गेली तर? त्याऐवजी आईंसाठी हायक्रॉस आणि मळ्यासाठी एक थार, दोन्ही मिळून पैसे उरले असते. मी स्वतः थार चालवते, तिला काही जपावं लागत नाही.

---

द्राक्षवाला_निफाड

राग कसला, हा हिशेब आम्हीही मांडला होता. हायक्रॉस खरंच आरामशीर आहे, ट्रायलही घेतली. पण ट्रायल आम्ही एका विशिष्ट पद्धतीने घेतली, ती सांगतो. आईला प्रत्येक गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं आणि शोरूमच्या चकरेऐवजी आमचा नेहमीचा रस्ता मागितला : खराब डांबर, रेल्वे फाटक, मग हायवे. तासाभरानंतर तिला फक्त एवढंच विचारलं, अजून तासभर बसशील का? जीएलसीला ती पटकन हो म्हणाली. बाकी ठिकाणी थोडं थांबली. त्या थांबण्यावर आम्ही निर्णय घेतला. ज्यांच्या घरात असं दुखणं नाही त्यांनी तुमचा हिशेब धरावा, तो चूक नाही.

मळ्यावर रोजच्या कामाला आमची जुनी बोलेरो पिकअप आहेच. जीएलसी तिथवर जाते कारण घरच तिथे आहे.

---

चाकणकर

आमच्या गावात बनलेली गाडी निफाडला सुखाने नांदतेय हे वाचून छाती भरून आली. मर्सिडीज-बेंझ इंडिया १९९४ मध्ये पुण्यात सुरू झाली, चाकणचा कारखाना २००९ पासून. त्याही आधी १९५४ पासून टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि डायमलर-बेंझ मिळून जमशेदपूरला ट्रक बनवत होते, त्या जुन्या ट्रकांच्या तोंडावर हाच तारा असायचा. तुम्ही लासलगावच्या शेजारचे आणि आम्ही चाकणचे, कांद्याच्या दोन बाजारपेठांमध्ये ही गाडी आहे म्हणायची.

आमच्या भागातली कितीतरी पोरं आयटीआय करून या पट्ट्यातल्या कारखान्यांत लागली. गाडीच्या एखाद्या दाराची फट कशी एकसारखी आली आहे ते जरूर बघा. बोट फिरवून बघा.

---

द्राक्षवाला_निफाड

बघितली, दादा. चारही दारांच्या फटी एका मापाच्या आहेत, आणि दार लावताना येणारा तो दबका आवाज माझ्या मुलाला इतका आवडतो की तो उगाच उघडझाप करत बसतो. कारखान्यातल्या ओळखीच्यांना निफाडचा नमस्कार सांगा. फेब्रुवारीत या बाजूला आलात तर बागेत या, घड तयार असतील.

---

घाटमाथा

शेवटचा प्रश्न. सर्व्हिसिंगचं काय? गाव ते सर्व्हिस सेंटर हे अंतर मला घाबरवतं. मी रत्नागिरीला असतो.

---

द्राक्षवाला_निफाड

मग हाच प्रश्न पहिला धरा. बुकिंगच्या आधी तीन गोष्टी लेखी विचारा : तुमच्या गावातून गाडी उचलून नेणं-आणून देणं मिळेल का आणि किती पैशात, रस्त्यात बंद पडली तर फ्लॅटबेड (गाडी पाठीवर घेऊन जाणारा सपाट ट्रक) किती तासांत येईल, आणि टायर-काच या दोन गोष्टी जवळच्या कोणत्या शहरात हाताशी असतात. चारही चाकांना ताकद असलेली गाडी दोरीने ओढत नेऊ देऊ नका, फ्लॅटबेडच लागते. आमच्यासाठी नाशिक जवळ आहे म्हणून हा विचार सोपा गेला. रत्नागिरीहून प्रत्येक वेळी घाट चढावा लागणार असेल आणि पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं गुळमुळीत आली, तर मी स्वतः ही गाडी घेतली नसती.